देवकाचा रकाना

माझं पोट रिकाम्या जागांवर चालतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळते, आणि डेटाबेस सांभाळणं म्हणजे निम्मा दिवस लोकांनी न भरलेले रकाने निस्तरणं. मशीनवरचा माणूस पार्टचं माप घेत नाही, रकाना तसाच सोडतो आणि चहाला निघून जातो. त्या न भरलेल्या जागेला आमच्याकडे नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. हे मी नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. प्रत्येकजण मान डोलावतो, आणि पहिल्याच आठवड्यात नलच्या जागी शून्य घालून ठेवतो. चहात साखर नाही हे वेगळं, आणि चहा कुणी चाखूनच बघितलेला नाही हे वेगळं. एवढं ज्याच्या टाळक्यात शिरत नाही त्याला मी सगळ्यांदेखत बोलते. ऑफिसात मला तिखट म्हणतात. म्हणोत.

नलचा खरा खोडसाळपणा पुढंच आहे. त्याची तुलना कशाशीच होत नाही. ज्यांचं माप दहा आहे ते दाखव, असं कॉम्प्युटरला सांगितलं तर नलवाला येत नाही, हे बरोबरच. पण ज्यांचं माप दहा नाही ते दाखव म्हटलं, तरीही तो येत नाही. कॉम्प्युटर म्हणतो, ते दहा आहे का नाही हेच मला माहीत नाही, मग मी कशाला दाखवू? आणि काही चुकलंय असं कुठं लाल अक्षरांत येत नाही. यादी छान नीटनेटकी येते, फक्त त्यात तो नसतो. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न ह्याच पायी अडलं होतं, हे मात्र मला गेल्या वर्षी कळलं.

आम्ही दोघी बहिणी. बाप फौजेत. ताई शाळेत जायला लागली होती आणि मी पाळण्यात होते, तेव्हा त्यानं नोकरीच्या गावी दुसरा संसार थाटला, सुट्टीवर आला आणि आईचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. आई आम्हांला घेऊन साताऱ्याला मामाच्या शेजारी दोन खोल्यांत राहिली. ब्लाउज शिवून तिनं आम्हांला शिकवलं. ती कधी रडली नाही. आईला रडणं येत नाही, टोचणं येतं. त्या माणसाचा राग तिला काढता येत नव्हता, कारण तो समोर नव्हता. ताई समोर होती, आणि ताई बापावर गेली होती, रंगानं आणि नाकानं.

मी उजळ, ताई काळी. आमच्या घरात हे सकाळच्या दुधाइतकं नेमानं बोललं जायचं. ताई दहावीत गेल्यापासून आई तिला मोरीत बसवून डाळीचं पीठ आणि हळद तोंडाला लावायची आणि भांडं घासावं तशी घासायची. "तव्याचं बूड बी घासून निघतंय, हिचं काय निघंना," असं म्हणायची आणि हसायची. ताईही हसायची. ताईला तेव्हा फार हसू यायचं. मामीची नक्कल केली की आम्ही दोघी गडाबडा लोळायचो. ती दुकानदाराची, मास्तरांची, आईचीसुद्धा नक्कल करायची, आईसमोर.

ताई बी.कॉम. झाली, एका कापडाच्या दुकानात बिलिंगला लागली, आणि आईनं तिचं नाव आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात घातलं. मंडळ दर रविवारी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत भरायचं. ते चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि समोरच्या प्रत्येक आईबापाला नापास झालेल्या मुलासारखं वागवायच्या. त्यांच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यांच्या पुतण्यानं पुण्याहून येऊन प्रोग्राम करून दिला होता, आणि त्याचा बाईंना एवढा अभिमान, की माउसवर त्या रुमाल घालून ठेवायच्या.

आमच्यात नुसतं आडनाव वेगळं असून चालत नाही, देवकही वेगळं लागतं. देवक म्हणजे कुळाचं झाड किंवा वेल. लग्नाच्या आधी त्याची डहाळी आणून पूजतात. मुलाचं आणि मुलीचं देवक एक निघालं की ती भावंडं, मग मुलगा कलेक्टर असला तरी लग्न नाही. मंडळानं जुळवलेली एक सोयरीक सुपारी फुटल्यावर देवकावरून मोडली होती आणि बाईंची गावभर छी-थू झाली होती. म्हणून त्यांनी पुतण्याला बजावलं होतं, की पहिली चाळणी देवकाची लाव, शिक्षण-नोकरी सगळं त्यानंतर.

नाव घालताना बाईंनी विचारलं, "देवक?"

आई म्हणाली, "ठावं न्हाई."

"म्हणजे? मुलीच्या वडिलांच्या घरचं देवक हो. तुमचं लग्न लागलं ना तिथं?"

"लागलं. पर मला ठावं न्हाई."

शेजारी बसलेला एक गृहस्थ म्हणाला, आवं, पंचपल्लव लिवा की, लय जण तेच लिवत्यात. आई म्हणाली, खोटं लिवायचं न्हाई. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मोकळं सोडते. पुढचं पुढं बघू." आणि पुढच्या रकान्यावर गेल्या. मी तिथंच ताईच्या शेजारी बसले होते. मी कॉलेजात होते आणि नल कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात. नवीन मुलांची नावं आली की मंडळात लोक रांग लावायचे. आई ताईला साडी नेसवून न्यायची, कारण कुणी मुलाकडचं भेटलंच तर बघून घेईल. बाई रुमाल बाजूला करायच्या, काहीतरी टाईप करायच्या आणि स्क्रीनकडे बघत म्हणायच्या, "नाही हो. एकही जुळत नाही."

"एक बी न्हाई?"

"कॉम्प्युटर काय खोटं सांगतो? अपेक्षा कमी करा."

मग आईनं अपेक्षा कमी करायला सुरुवात केली. आधी पुण्याचा हवा होता, तो कुठलाही चालेल झाला. नोकरीवाला हवा होता, तो शेतीवाला चालेल झाला. मग पदवी सोडली. मग वयातलं अंतर वाढवलं. दर वेळी बाई एक अट पुसायच्या, बटण दाबायच्या, आणि स्क्रीन कोराच यायचा. आमच्या मागं उभी असलेली माणसं ते बघायची. एकदा एक बाई तिच्या सुनेला म्हणाली, एवढं सगळं सोडलं तरी कुणी न्हाई म्हंजी पोरीत काहीतरी असणार. ती हळू बोलली नव्हती.

आणि मंडळाच्या बाई ताईचा फोटो लांब धरून म्हणाल्या, "हा जरा उजेडात काढून आणा."

ते ऐकल्यावर घरी जाताना आई रिक्षातच सुरू झाली. "बगितलंस? शिकल्याली बाई बी त्येच म्हनती. मी म्हनती तवा तुला राग येतोय." त्या दिवसापासून आईच्या हातात जणू प्रमाणपत्र आलं. मामी म्हणायची, रंगाचं काय न्हाई, हिच्या तोंडाळपणाची ख्याती झालीया. दुकानाच्या मालकीणबाई म्हणायच्या, बाप नसलेली मुलगी कोण करून घेईल. जो तो आपल्या मनातलं त्या रिकाम्या जागेत भरत होता, आणि ताई सगळ्यांचं खरं मानत होती. रंगाचं ऐकून तिनं दुकानाच्या वाटेवर भर पावसाळ्यातही तोंडाला स्कार्फ बांधायला सुरुवात केली. मामीचं ऐकून नकला बंद केल्या. हसताना हिरड्या दिसतात, असं तिचं तिनंच आरशात शोधून काढलं आणि हसणंही बंद केलं. हसू आलंच तर ती ओठ मिटून घशात हसायची. ते बघायला फार घाण वाटायचं, आणि तसं मी तिला सांगितलंही होतं.

शेवटी आईनं बाईंना सांगितलं, "बिजवर चालंल." म्हणजे बायको मेलेला. बाईंनी तीही अट पुसली. स्क्रीन कोराच. बिजवरसुद्धा हिला नको, असं त्याचा अर्थ आमच्या घरात लावला गेला. त्या दिवशी ताई मोरीत जाऊन स्वतःच तोंड घासत बसली, आणि आई तिला आत साबण नेऊन देत होती.

कडेगावचा मुलगा मामानं आणला. मुलगा म्हणजे ताईपेक्षा बराच मोठा, ऊसवाला, बायको मेलेली. त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्याला मामानं आपणहून सांगितलं, मुलीचं देवक ठाऊक नाही. म्हातारा म्हणाला, "दुसरेपणाचं लगीन, देवकाचं काय घिऊन बसलाईसा?" एका सकाळी त्यांच्याच घरच्या अंगणात लग्न उरकलं. पहिलीचा हार घातलेला फोटो ताईच्या डोक्यावर भिंतीला होता. तो काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि काढा म्हणायची आमची टाप नव्हती. पहिली गोरी होती. सासू हे ताईला आजही सांगते.

मी मंडळात नाव घातलंच नाही. कंपनीतल्या एकाशी माझं जमलं, आम्ही नोंदणी करून मोकळे झालो. आईला त्याचा राग यायला हवा होता. पण ती सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटली, "धाकटी उजळ हाय, तिला घरबसल्या घावला." ताईसमोर सांगत सुटली.

गेल्या वर्षी मंडळाच्या बाईंचा मला फोन आला. आता सगळं मोबाईलवर करायचं होतं, पुतण्या परदेशात गेला होता, आणि मी कॉम्प्युटरमधली असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी जायला नको होतं असं माझा नवरा म्हणतो. पण ज्या खुर्चीत बसून त्या बाईनं आमची लाज काढली, त्या खुर्चीत मला एकदा बसायचं होतं. बाई आता थकल्या होत्या. माझ्यासाठी त्यांनी चहा मागवला आणि रुमालानं खुर्ची पुसून दिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुतण्याचा प्रोग्राम उघडला. पहिलीच चाळणी. ज्यांचं देवक ह्या मुलीच्या देवकापेक्षा वेगळं आहे तेवढे दाखव. झालं, एवढंच. ज्या मुलीचं देवक नल आहे तिचं काय, ह्याचा त्या गाढवानं विचारच केला नव्हता. कुठल्याही मुलाचं देवक तिच्यापेक्षा वेगळं आहे असं कॉम्प्युटर म्हणूच शकत नव्हता. मुलाकडच्यांनी शोधलं तरी ती त्यांना दिसत नव्हती, आणि तिच्यासाठी शोधलं तर तिला कुणी दिसत नव्हतं. मी हात कीबोर्डवर ठेवून बसून राहिले.

मग मी ताईची नोंद काढली. लग्न झालं म्हणून बंद केलेली, पण होती. तिच्या नावावर शोध घेतला, स्क्रीन कोरा. एकेक अट काढत गेले, आईनं काढल्या त्याच क्रमानं. कोरा. सगळ्या अटी काढल्या, फक्त मुलगा असला म्हणजे पुरे एवढंच ठेवलं, तरी कोरा. अख्ख्या सातारा-सांगलीतले मुलगे मांडवात आणून उभे केले असते तरी त्यातला एक हिच्यापुढं आला नसता. मग मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली, की देवक रिकामं असेल तर नाव गाळू नकोस, शेजारी "विचारून घ्या" असं लिही. आणि आईच्या अगदी पहिल्या अटी परत घातल्या, पुण्याचा, नोकरीवाला, पदवीधर, सगळ्या.

नावं खालपर्यंत भरली. फोटोंसकट. एक बँकेतला होता, एक मास्तर होता, एक पुण्यात इंजिनिअर, त्यानं स्वतःच्या अपेक्षेत "स्वभाव विनोदी असावा" असं लिहिलं होतं. सगळ्यांच्या पुढं आता "विवाह झाला" असं होतं.

रिकाम्या देवकाच्या आणखी मुली होत्या. एक आश्रमात वाढलेली, एक दत्तक, दोघी-तिघी आमच्यासारख्या, बापानं टाकलेल्या. ज्यांना आधीच कुणी विचारत नव्हतं, नेमक्या त्याच कुणाला दिसत नव्हत्या. त्यातल्या एकीचं नाव अजून चालू होतं आणि ताईसारखंच तिच्याही नोंदीच्या कोपऱ्यात बाईंनी लिहून ठेवलं होतं, अपेक्षा जास्त.

मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांना कळलं, शिक्षिका होत्या. माउसवरचा रुमाल सारखा करत म्हणाल्या, "आता नीट झालं ना? मग बाहेर काही बोलू नका हं, मंडळाचं नाव खराब होईल. आणि तुमच्या ताईचं झालंच की सगळं व्यवस्थित."

मी म्हटलं, "तुम्ही तिचा फोटो उजेडात काढून आणायला सांगितलं होतं."

"फोटो काळाच होता हो तो," बाई म्हणाल्या.

मी त्यांचा चहा तसाच टेबलावर ठेवला आणि त्यांना म्हटलं, तुमच्यासारख्या बाईच्या हाताखालून पोरं शिकली हे त्या पोरांचं नशीब फुटकं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही, आजही येत नाही.

त्याच आठवड्यात मी एसटीनं कडेगावला गेले. नवऱ्यानं सांगून बघितलं, आता कशाला उकरतेस, तिला काय उपयोग. मला वाटत होतं, उपयोग कसा नाही? एवढी वर्षं ती स्वतःला ओंगळ समजून बसली आहे. तिला कळू दे की तिच्यात काही नव्हतं, एका मूर्खाच्या प्रोग्राममध्ये होतं. मला वाटलं ती रडेल, मग हलकी होईल. मला तर अगदी घाई झाली होती.

सासू बाहेर बाजेवर होती. ताई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं, जसं ऑफिसात नवीन पोरांना सांगते तसं, दोनदा. ती लसूण सोलायची थांबली.

मग म्हणाली, "म्हंजी कुनी नगं म्हनलंच न्हाई मला?"

"न्हाई. कुनी बघितलंच न्हाई तुला. तू दिसतच नव्हतीस त्यांना."

"आनि ती इंजिनेर, मास्तर, ती सगळी तवा हुती?"

"हुती."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या नजरेची भीती वाटली. "ह्याच्यापरीस नगं म्हनली असती तर बरं हुतं," ती म्हणाली. "काळी हाय म्हनून झालं, ह्ये मी गिळलं हुतं गं. लय दिवस लागलं, पर गिळलं. आता तू आलीस शिकून. आता मी कुनाला बोलू? त्या डबड्याला?"

मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झटकला. "तुझं काय जातंय? तू गोरी," म्हणाली. आणि मग म्हणाली, "आईला फोन लाव. सांग तिला. माझ्याम्होरं सांग."

मी लावला, आणि आवाज मोठा केला. आईनं उचलला. पाठीमागं शिलाई मशीन चालू होती, ती थांबली. मी सरळ विचारलं, "आई, आपल्या बापाच्या घरचं देवक तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"ठावं नसायला काय झालं? कळंब," आई म्हणाली. "दिराच्या लग्नात डहाळी मीच तर धुतली हुती."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "मग मंडळात ठावं न्हाई का म्हणालीस?"

"मी कशाला सांगू? मला दारातनं भाईर काडलं त्यानं. त्याच्या कुळाचं झाड माझ्या पोरीच्या नावाम्होरं लावू? माझ्या पोरी हायत्या. त्याचं काय बी नगं."

तिचा आवाज ताठ होता. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की त्या रकान्यात काही नव्हतं असं नाही, तिथं आईनं स्वतःचा सगळा सूड भरून ठेवला होता, आणि तो बाहेरून कोऱ्या जागेसारखा दिसत होता. मी तिला सांगितलं, की तेवढं एक झाड लिहिलं असतंस तर ताईला स्थळं आली असती, चांगली आली असती, कॉम्प्युटर त्यामुळंच काही दाखवत नव्हता. माझा आवाज चढला होता. मला तिला दुखवायचं होतं.

मग आई म्हणाली, "खुळी का काय तू? कागदावर एक झाड न्हाई म्हनून पोरीचं लगीन आडतंय व्हय? काळी हाय म्हनून आडलं. समद्या गावाला ठावं हाय."

मी काही बोलणार तोच ताईनं फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता ही फोडून काढणार तिला. तिचा तो हक्क होता, मी वाट बघत होते.

"व्हय आये," ताई म्हणाली. "काळी हाय म्हनूनच. हिचं आपलं कायतरीच असतंय." मग तिनं आईला विचारलं, गुडघा कसा हाय, आणि मला म्हणाली, "बगितलंस? आई म्हनती त्येच खरं. ह्ये परत कुनाम्होरं काडू नगं."

ती फोनवर आईच्या दुखत्या गुडघ्याचं ऐकत होती, मधेमधे हुंकार देत होती. तिचा चेहरा सैल पडला होता. तिला खरंच बरं वाटलं होतं, मी समोर बसून बघितलं.